लघवी कोऱ्या चहासारखी यायली आणि दिवस थंडीचे असले तर काय करायचं

येळवस, म्हणजे शेतात जाऊन करायची वेळा अमावस्या, होऊन तीन-चार दिवस झाले होते. सकाळी सव्वासातला ताईचा फोन, आवाज असा की मला वाटलं दाजीला काही झालं. "अरे लेकराची लघवी बघ कशी यायलीय, कोऱ्या चहासारखी, लाल बी म्हणता येईना अन् काळी बी." मी म्हणलं काल बीट खाल्लं का, नाही. कुठली गोळी चालूय का, नाही. पडला-झडला का, नाही. मग म्हणली की आठ-दहा दिवसांमागं सर्दी-ताप होता, बरा झाला, येळवसला सगळे सकाळीच शेतात गेले, हा दिवसभर उघड्या डोक्यानं हुंदडला, गार आंबील पिला, आणि काल संध्याकाळपासून पोट अन् पाठ दुखायली म्हणून रडत होता. वय चार वर्षं.

मी परभणीत लॅब टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली ट्यूबा हलवतोय. डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, त्यामुळं गोळ्यांचे डोस माझ्याकडून मिळणार नाहीत. पण थंडीनं रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा हा आजार मी दोन बाजूंनी बघितलाय, एक भाच्याचा मामा म्हणून आणि दुसरा आमच्या गल्लीतल्या काकांचं सॅम्पल चालवणारा माणूस म्हणून, आणि दोन्ही वेळेला अडलं ते औषधावाचून नाही, ऊब मधेच कुठंतरी तुटली म्हणून. कधी अंथरुणात, कधी ट्यूबमध्ये, कधी रक्ताच्या पिशवीत. डॉक्टर निदान करतील, उपचार करतील, पण ऊब तुटू न देणं हे काम बऱ्याच वेळा घरच्या माणसालाच करावं लागतंय. म्हणून हे लिहायलोय.

आधी आजार काय ते थोडक्यात

भाच्याला झालं त्याला पॅरॉक्सिस्मल कोल्ड हिमोग्लोबिन्युरिया म्हणतात, आपण पीसीएच म्हणू. अंगातली रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून आपल्याच लाल पेशींवर उलटते. कसं, तर गारठ्यात हातापायाची बोटं, नाक, कान इथलं रक्त थंड होतं, तिथं एक अँटिबॉडी लाल पेशीला जाऊन चिकटते आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं सोबत घेते. तेच रक्त फिरून पोटात-छातीत आलं, ३७ डिग्रीला गरम झालं, की अँटिबॉडी सुटून जाते पण कॉम्प्लिमेंट पेशीला भोक पाडून फोडतं. म्हणजे रात्री चोर येऊन दाराला खडूची खूण करून जातो अन् दरोडा दिवसा पडतो, तसला प्रकार. पेशी फुटली की आतलं हिमोग्लोबिन रक्तात सांडतं, किडनीतून गळतं, आणि लघवी कोऱ्या चहासारखी. व्हिएन्नामध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी १९०४ मध्ये ही भानगड उलगडली, लँडस्टायनर म्हणजे रक्तगट शोधणारा तोच, त्याला १९३० चं नोबेल मिळालं. त्या काळात हा आजार जास्त करून सिफिलिस या गुप्तरोगाच्या पेशंटमध्ये दिसायचा. आता बहुतेक वेळा लहान लेकरांत, सर्दी-ताप, गोवर, कांजण्या, गालफुगी असलं काहीतरी होऊन गेल्यावर दिसतो, आणि पोरींपेक्षा पोरांत जास्त.

मोठ्या माणसांत, खास करून साठीच्या पुढं, वेगळा भाऊबंद भेटतो, कोल्ड ॲग्लुटिनिन डिसीज. तिथं अँटिबॉडी वेगळ्या जातीची असते, गारठ्यात पेशींचे गुच्छ करते, त्यामुळं बोटं, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या जांभळ्या पडतात आणि सोबत हळूहळू रक्त कमी होत राहतं. मागं बोनमॅरोमधल्या पेशींचा एखादा छोटा बिघडलेला गट असतो. मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया किंवा ग्रंथी सुजवणारा ईबीव्ही व्हायरस होऊन गेल्यावरही असंच होतं, पण ते आपोआप ओसरतं.

आता कुणी म्हणेल मराठवाड्यात कुठं आलाय थंडीचा आजार. थंड मुलखात जास्त दिसतो हे खरंय, नॉर्वेत दर दहा लाखांत साधारण २० माणसांना कोल्ड ॲग्लुटिनिनचा आजार आढळला आणि इटलीच्या लोंबार्डी भागात ५ जणांना. पण परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा ५ च्या आसपास येतो हे आपण दरवर्षी पेपरात वाचतोच की. आणि आपल्याकडं घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पत्र्याची, झरोक्याची. गारठा थेट अंथरुणात.

घरी पहिल्या अर्ध्या तासात

लघवीचा रंग मोरीत किंवा फरशीवर बघून काही कळत नाही. पांढऱ्या चहाच्या कपात नाहीतर पांढऱ्या वाटीत धरा, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. ताईनं पाठवलेला पहिला फोटो ट्यूबलाईटखाली स्टीलच्या तांब्यातला होता, त्यात मला तांब्याच दिसला. दुसरा पांढऱ्या कपात काढायला लावला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हा फोटो महत्त्वाचा आहे कारण दवाखान्यात पोचेपर्यंत लघवी साफ झालेली असू शकते, आणि मग "कुठंय लाल" असं ऐकावं लागतंय. लघवी साफ झाली म्हणजे रक्त भरून आलं असं मात्र नाही, हिमोग्लोबिन त्यानंतरही खाली जाऊ शकतं.

लेकराला कोरडे कपडे, कानटोपी, हातमोजे, पायमोजे, वर ब्लँकेट. वाऱ्याच्या झोतातून आत घ्या. कोमट पाणी घोट-घोट पाजत राहा, उलट्या नसतील तर. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका, फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवा, कारण लेकराची कातडी भाजली तर एकाचे दोन आजार. शेकोटीजवळ नेऊन बसवायचं तर धुराचं काय ते बघा.

दाजीनं लई चांगला प्रश्न विचारला होता, की पेशी गरम झाल्यावर फुटतात म्हणतोस तर मग ऊब द्यायची कशाला, उलट गारच राहू द्यावं. तर तसं नाही. ज्यांच्यावर खूण पडलीय त्या पेशी आत पोटात गेल्यावर फुटणारच, माणूस आतून ३७ डिग्रीच असतो. आपण बोटं गरम ठेवतो ते नव्या पेशींवर नवी खूण पडू नये म्हणून. चोराला अंधारच मिळू द्यायचा नाही.

आणि आता जे बोलतो ते जरा नेटानं बोलतो. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडं पहिली धाव कावीळ उतरवणाऱ्याकडं असते. कुणी हातावर चुन्याचं पाणी लावून पिवळं काढून दाखवतो, कुणी नाकात रस पिळतो, कुणी गळ्यात माळ घालतो जी रोज लांब होते. ताईच्या सासूबाई तर चप्पल घालून तयार होत्या. या आजारात डोळे पिवळे होतात ते लिव्हर बिघडलं म्हणून नाही, पेशी फुटल्या म्हणून. इथं घालवलेला दिवस म्हणजे दोन-तीन पॉइंट हिमोग्लोबिन. सासूबाईंना मी फोनवर म्हणलं, मावशी, माळ घाला की, पण गाडीत बसून घाला. ऐकलं त्यांनी.

तसंच रक्त कमी आलं म्हणून मेडिकलवरून लोहाचं टॉनिक आणून मनानंच सुरू करू नका. लोह खाण्यात कमी पडलं म्हणून हे रक्त उतरलेलं नाही. आणि ताप आहे म्हणून थंड पाण्याच्या पट्ट्या तर बिलकूल नाही, डॉक्टरनं सांगितलेलं तापाचं औषध द्या.

कुठं जायचं, काय सांगायचं

लघवी या रंगाची आणि लेकरू पांढरं पडलेलं असलं तर त्याच दिवशी, उद्या बघू म्हणून नाही. धाप लागायली, लेकरू सुस्त पडायलं, तळहात कागदासारखे पांढरे झाले, छातीची धडधड वरून दिसायली किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, तर १०८ लावा. गावातल्या दवाखान्यात एक सलाईन लावून बघू असं कुणी म्हणलं तरी मोठ्या ठिकाणी जा, जिथं बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढी एकाच आवारात आहे. जिल्हा रुग्णालय नाहीतर मेडिकल कॉलेज, आपल्या बाजूला लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि संभाजीनगरची घाटी आहेच. जीपच्या मागं बसवून नेऊ नका, मोटरसायकलवर तर नाहीच, जाता जाताच आणखी गारठा लागतो. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, सरकारी योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

डॉक्टरला लांबण लावू नका, तीन गोष्टी सांगा: लघवीचा रंग असा अन् कधीपासून, त्याआधी एक ते तीन आठवड्यांत ताप-सर्दी झाली होती, आणि थंडीत गेल्यावर काही वेळात त्रास झाला. तिसरी गोष्ट आठवत नसली तरी चालेल, लेकरांच्या बाबतीत बऱ्याच वेळा थंडी लागल्याचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. सोबत कुठल्या गोळ्या झाल्या ते सांगा, कारण जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या लेकराला मलेरियाच्या काही गोळ्यांनी असंच होतं, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिननं लघवी नुसतीच नारंगी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. किनवट-माहूरकडचं कुटुंब असलं तर सिकलसेल तपासलंय का तेही सांगा, कारण थंडीनं दुखणं उठवणारा तोही आजार आहे आणि त्याचा रस्ता सगळा वेगळा आहे.

लॅबमधली गोष्ट, हे जरा सविस्तर

आमच्या गल्लीतले काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, वय अडुसष्ट. दम लागतो, थकवा आहे म्हणून डॉक्टरनं सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी लिहिली. जानेवारीतली सकाळ, सॅम्पल काढून स्टँडला लावलं, चहा पिऊन आलो, मशीनला लावलं तर हिमोग्लोबिन ८.४, लाल पेशी फक्त १.२ आणि एमसीएचसी ५९. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमसीएचसी म्हणजे लाल पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते, ३२ ते ३६ च्या आसपास असतं, ५९ एमसीएचसीचं माणूस जगात नसतं. मी मशीनला शिव्या दिल्या, वॉश मारला, परत चालवलं, तेच. मग ट्यूब उजेडात आडवी केली आणि दिसलं, काचेच्या भिंतीवरून रक्त खाली उतरताना रव्यासारखे बारीक कण मागं राहायलेत. हाताच्या मुठीत धरली दोन मिनिटं, कण गेले. टेबलावर ठेवली, कण परत आले. त्या दिवशी चहा तसाच राहिला माझा.

पेशींचे गुच्छ झाले होते. मशीन एका गुच्छाला एक पेशी मोजतं, म्हणून संख्या कमी, पेशी फुगलेली दिसते आणि हिशोब सगळा बिघडतो. हिमोग्लोबिन तेवढं बरोबर येतं कारण ते मोजताना पेशी फोडूनच मोजतात. ट्यूब वॉटर बाथमध्ये ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवली आणि गरम गरम चालवली, लाल पेशी २.६, एमसीएचसी ३४. म्हणून टेक्निशियन मित्रांना हात जोडून सांगणं, थंडीच्या दिवसांत एमसीएचसी ३७-३८ च्या वर आलं तर मशीनला शिव्या द्यायच्या आधी ट्यूब गरम करा, आणि रिपोर्टवर "३७ डिग्रीला गरम करून तपासलं" असं लिहा, त्या एका ओळीनं डॉक्टरचा रस्ता वाचतो.

घरच्यांनी रिपोर्टमध्ये काय बघायचं? हिमोग्लोबिन किती अन् काल किती होतं. एलडीएच वाढलेलं, बिलिरुबिन वाढलेलं, म्हणजे पेशी फुटतायत. लघवीच्या तपासणीत एक गंमत असते, पट्टीवर "ब्लड" भरपूर पॉझिटिव्ह येतं आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसतच नाहीत. पट्टी आणि मायक्रोस्कोप भांडायला लागले की समजायचं लघवीत रक्त नाही, बहुतेक हिमोग्लोबिन आहे. सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली तरी लघवी वरपासून खालपर्यंत लालच राहते, खरं रक्त असतं तर गाळ खाली बसून वरचं पाणी साफ झालं असतं. भाच्याचं असंच आलं. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्तात, तर पांढऱ्या पेशीनं लाल पेशी गिळलेली दिसली, पीसीएचमध्ये हे चित्र सापडतं, मी आजवर पुस्तकातच बघितलं होतं.

मग डायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट, लाल पेशींवर काय चिकटलंय ते बघणारी. या दोन्ही आजारांत कॉम्प्लिमेंटचा भाग म्हणजे सी३डी पॉझिटिव्ह येतो आणि आयजीजी नावाची अँटिबॉडी बहुतेक वेळा निगेटिव्ह. त्यामुळं नुसतं "कूम्ब्ज निगेटिव्ह" ऐकून परत येऊ नका, सी३डी बघितलं का हे विचारा. मोठ्या माणसांत कोल्ड ॲग्लुटिनिनचा टायटर करतात, म्हणजे अँटिबॉडी किती पातळ केली तरी गुच्छ होतात ते बघतात, ४ डिग्रीला ६४ किंवा त्याच्या वर आला तर त्याला अर्थ आहे.

लेकरांत खरी टेस्ट म्हणजे डोनाथ-लँडस्टायनर. पेशंटचा सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, आणि ओ गटाच्या पेशी एकत्र करून एक ट्यूब अर्धा तास बर्फात आणि मग तासभर ३७ डिग्रीला, दुसरी सगळा वेळ बर्फातच, तिसरी सगळा वेळ ३७ लाच. फक्त पहिल्या ट्यूबमध्ये पाणी लाल झालं तर टेस्ट पॉझिटिव्ह. सव्वाशे वर्षं होत आली, खूण थंडीत आणि दरोडा उबेत हेच तिथं ट्यूबमध्ये डोळ्यांनी दिसतं. पण ही टेस्ट सगळीकडं होत नाही आणि खोटी निगेटिव्ह यायला तिला निमित्तच पाहिजे असतं. तीन कारणं लक्षात ठेवा. सॅम्पल रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये नाही, साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये पाहिजे. रक्त काढल्यापासून सिरम वेगळा होईपर्यंत ३७ डिग्रीला राहिलं पाहिजे, नाहीतर अँटिबॉडी ट्यूबमधल्याच पेशींना चिकटून बसते आणि सिरममध्ये उरतच नाही. आणि पेशंटचं स्वतःचं कॉम्प्लिमेंट या आजारात संपलेलं असू शकतं, म्हणून निरोगी माणसाचा ताजा सिरम त्यात घालावा लागतो. अँटिबॉडी थोड्याच दिवसांत नाहीशी होते, म्हणजे आठवड्यानं करू म्हणून चालत नाही.

भाच्याचं पहिलं सॅम्पल एका ठिकाणी नेहमीच्या सवयीनं बर्फाच्या पेटीत घालून पाठवलं गेलं. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, सॅम्पल म्हणजे बर्फ हे हातालाच बसलेलं असतं. टेस्ट निगेटिव्ह आली आणि दीड दिवस गेला. दुसऱ्या वेळेला मी स्वतः गेलो. जमलं तर पेशंटलाच टेस्ट करणाऱ्या लॅबच्या दारात नेऊन तिथंच रक्त काढा, हे सगळ्यात चांगलं. नाही जमलं तर मोठ्या तोंडाचा थर्मास घ्या, त्यात ३७-३८ डिग्रीचं पाणी, थर्मामीटरनं मोजून, कोपर बुडवून अंदाजानं नाही. रिकामी ट्यूब आधी त्यातच गरम करा, रक्त घेतलं की झाकण घट्ट, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून परत थर्मासमध्ये, आणि वर चिठ्ठी चिकटवा: "३७ डिग्रीला ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका". पाणी ४० च्या वर नको. आमचा थर्मास येळवसला चहा न्यायचाच होता, झाकणाला वेलचीचा वास होता.

आणि एक जुनी टेस्ट होती, पेशंटचे हात-पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून लघवी लाल होते का बघायची. कुणी सुचवलीच तर नाही म्हणा. घरी तर अजिबात करून बघू नका, असले प्रयोगशील काका प्रत्येक घरात एक असतात.

रक्त चढवायची वेळ आली तर

भाच्याचं हिमोग्लोबिन दोन दिवसांत ५.४ वर आलं. अशा वेळी रक्त द्यावंच लागतं. रक्तपेढीत पिशवी २ ते ६ डिग्रीला ठेवलेली असते आणि तीच जशीच्या तशी शिरेतून गेली तर आपण बाहेरची थंडी थेट आतच सोडली की. म्हणून ब्लड वॉर्मर लावा म्हणून विनंती करा. वॉर्मर म्हणजे त्यासाठीचंच मशीन. पिशवी गरम पाण्याच्या बादलीत, उन्हात, हीटरसमोर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची नाही, ४२ डिग्रीच्या वर गेलं की पिशवीतल्या पेशीच फुटायला लागतात आणि ते रक्त विषासारखं होतं. सलाईनही कोमट असावं. वॉर्डातला एसी बंद करायला सांगा, आणि नर्सताई एकदा हो म्हणून गेल्या तरी ड्यूटी बदलली की परत सांगा. आमच्या ताईनं तीन शिफ्टला तीन वेळा सांगितलं, चिडले थोडे लोक, पण एसी बंद राहिला.

रक्तपेढीला आधीच सांगा की थंडीच्या अँटिबॉडीचा संशय आहे. नाहीतर क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी पिशवी ताडून बघणं, जुळत नाही म्हणून पिशव्यांमागून पिशव्या परत जातात. काकांचा रक्तगट पहिल्यांदा एबी सांगितला होता, गरम सलाईननं पेशी धुऊन परत केला तर ओ निघाला, कारण पेशी आपसातच चिकटत होत्या, त्यामुळं सगळ्या सिरमसोबत जुळल्यासारखं दिसत होतं. जीव धोक्यात असला आणि क्रॉसमॅच पूर्ण साफ येत नसला तरी डॉक्टर आणि रक्तपेढी मिळून कमीत कमी विरोध करणारी पिशवी निवडतात, देखरेखीखाली हळू चढवतात. त्या वेळी "जुळत नाही तर देऊ नका" म्हणून घरच्यांनी अडवू नये.

औषधांचं

लेकरांचा पीसीएच जास्त करून दोन-तीन आठवड्यांत आपोआप शांत होतो, आणि एकदा गेला की सहसा परत येत नाही. ऊब, पाणी, लागलं तर रक्त, किडनीवर लक्ष, फोलिक ॲसिड, एवढंच मुख्य. स्टेरॉइड बऱ्याच ठिकाणी देतात, त्यानं यात नक्की किती फरक पडतो ते स्पष्ट नाही, पण चालू केलं असलं तर आपल्या मनानं एकदम बंद करायचं नाही. मोठ्या माणसाला पीसीएच निघाला तर सिफिलिसची व्हीडीआरएल टेस्ट करायला लाजू नका.

काकांच्या आजाराचं वेगळं आहे. तिथं स्टेरॉइड फारसं चालत नाही, प्लीहा काढूनही उपयोग नाही कारण पेशी जास्त करून लिव्हरमध्ये मारल्या जातात. रिटुक्सिमॅब देतात, कधी सोबत बेंडामस्टिन. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट झालीच पाहिजे, दबलेली कावीळ खरी उसळू शकते. सुटिम्लिमॅब नावाचं औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर झालं, ते कॉम्प्लिमेंटची पहिलीच कडी तोडतं, म्हणजे पेशी मरणं थांबतं, पण गुच्छ होणं थांबत नाही, बोटं जांभळी होतातच. त्याआधी मेनिंगोकोकस आणि न्यूमोकोकसच्या लसी घ्याव्या लागतात. कोल्ड ॲग्लुटिनिनमध्ये रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही जास्त, एकच पाय सुजला किंवा अचानक दम लागला तर थांबायचं नाही.

नंतरचे दिवस

काकांना सगळ्यात अवघड गेलं ते शेत. हरभरा अन् गहू, आणि मोटारीची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच. म्हणजे डिसेंबरच्या रात्री दोन वाजता अनवाणी पायानं गार पाण्यात उभं राहून दारं धरायची. काका म्हणायचे, "तीस वर्षं केलंय, आता काय होतंय." होतंय की, दुसऱ्या दिवशी लघवी गडद आणि हिमोग्लोबिन खाली. शेवटी दारं धरायला पुतण्या जातो, काका दिवसाच्या पाळीला गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आत लोकरी मोजे, हातात मोजे घालून जातात. ओले मोजे बदलायला दुसरा जोड खिशात, कारण ओला मोजा अनवाणी पायापेक्षा वाईट. बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, पहाटे कोयता, थंडीनं गारठलेला ऊस, रात्री कोपीत झोपणं, तिथं असा पेशंट असला तर मुकादमाशी आधीच बोलून पहाटेचं काम टाळावं लागेल, दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

उन्हाळा आला म्हणजे सुटलो असं काका समजले होते. मे महिन्यात ४२ डिग्रीत लग्नाला गेले, थंड जारचं पाणी पिले, रसवंतीत बर्फ घातलेला रस पिले, कूलरसमोर खाटेवर झोपले, तीन दिवसांनी डोळे पिवळे. तेव्हा उन्हाळ्यात बर्फाचा गोळा, आइस्क्रीम, फ्रिजचं पाणी बंद, कूलरचा झोत अंगावर नको, एसी बसमध्ये शाल. माठाचं पाणी चालतं का असं सगळे विचारतात, काकांना डॉक्टरनं बाहेर काढून ठेवलेलं साधं पाणी सांगितलंय, माठाची इच्छा झाली तर ते उलटं हसून सांगतात, मला फिल्टर केलेलं ऊन द्या. फ्रिजमधून भाजी काढायची तर मोजे घालून. भांडी धुवायला कोमट पाणी.

ताप-खोकला आला की जास्त जपायचं, इन्फेक्शनमध्ये पेशी फुटणं वाढतं. ऑपरेशन ठरलं, दाताचं जरी असलं, तर आधी भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगा, म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि सलाईन गरम ठेवतील. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तर बऱ्याच वेळा अंग मुद्दाम थंड करतात, तिथं हे न सांगणं जिवावर बेतू शकतं.

भाचा महिनाभरात खेळायला लागला, हिमोग्लोबिन ११ च्या वर आलं, फेब्रुवारीत शाळेत गेला. ताईनं त्याच्या दप्तरात आणि काकांच्या सुनेनं काकांच्या बंडीच्या खिशात एक-एक कार्ड ठेवलंय, मीच लिहून लॅमिनेट करून दिलं. मजकूर असा आहे, लागला तर उतरवून घ्या: "थंडीनं लाल पेशी फुटण्याचा आजार झालेला आहे. रक्ताचं सॅम्पल ३७ डिग्रीला ठेवा. रक्त आणि सलाईन गरम करूनच द्या. एसी बंद ठेवा. रक्तगट गरम पद्धतीनं तपासा." खाली रक्तगट आणि घरच्या दोन माणसांचे फोन. काकांनी त्याच्या मागं पेनानं आणखी एक ओळ स्वतः लिहिलीय: "चहा चालतो, साखर कमी."